स्वतःचं पॅराशूट घेताना: मापं, तारखा आणि कस्टम्स

स्कायडायव्हिंगचं लायसन्स कसं काढायचं यावर आता मराठीतही दोन-चार व्हिडिओ सापडतात. पण लायसन्स हातात पडल्यावर पुढे काय? स्वतःची रिग, म्हणजे पॅराशूटचा अख्खा संच, कधी घ्यायची, केवढी, जुनी की नवी, ती घरी आणायची कशी आणि पावसाळ्यात ठेवायची कुठे, यावर मला धड काही मिळालं नव्हतं. जे मिळालं ते सहा फुटी, नव्वद किलोच्या अमेरिकन पुरुषांनी लिहिलेलं. मी नेरुळला राहते, ऐरोलीत नोकरी करते, उंची पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो. मापं उगाच सांगत नाहीये, पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

१० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि माझं बरेच दिवस लांबलेलं काम मार्गी लागलं. आपल्याकडे हरियाणात नारनौलला ड्रॉपझोन, म्हणजे विमानातून उड्या मारायचं ठिकाण, आहे, पण मला सलग सुट्टी काढून एका दमात कोर्स संपवायचा होता आणि मुंबईहून बँकॉक साडेचार तासांवर. महिनाअखेरीस पटायाजवळच्या ड्रॉपझोनवर गेले आणि युएसपीएचं (युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनचं) पहिल्या पातळीचं ए लायसन्स घेऊन परतले. त्याला किमान २५ उड्या लागतात, शिवाय स्वतःचं पॅराशूट स्वतः पॅक करून दाखवावं लागतं. घरी मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच: "नऊवारीत मारलीस का उडी?" स्कायडायव्हर शीतल महाजनांनी २०१८ मध्ये पटायालाच नऊवारी नेसून उडी मारली होती, ती बातमी आमच्या घरात अजून ताजी आहे.

त्या उड्या मी भाड्याच्या रिगवर मारल्या. विद्यार्थ्यांची कॅनॉपी, म्हणजे डोक्यावर उघडणारी कापडी छत्री, प्रचंड असते, माझी २६० चौरस फुटांची होती, शेवटी शेवटी १९० दिली. भाडं दर उडीला हजार-बाराशे रुपये पडायचं. पण स्वतःची रिग हवी असं वाटलं ते पैशांमुळे नाही. भाड्याचा हार्नेस, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांचा साज, माझ्या अंगाला बसतच नव्हता. मांड्यांचे पट्टे शेवटपर्यंत ओढूनही सैल, छातीचा पट्टा गळ्याशी. पॅराशूट उघडलं की सगळा हार्नेस चार बोटं वर सरकायचा आणि डाव्या बाजूचं रिझर्व्हचं (राखीव पॅराशूटचं) चंदेरी हँडल जमिनीवर असायचं तिथून हलून काखेकडे जायचं. उजवीकडचं कटअवेचं हँडल तसंच. आणीबाणीत ही दोन हँडल्स क्रमाने ओढायची असतात: आधी उजवं, म्हणजे बिघडलेलं मुख्य पॅराशूट सुटतं, मग डावं, म्हणजे रिझर्व्ह उघडतं. ती जागा सोडून फिरत असतील तर जमिनीवर केलेल्या सरावाला काय अर्थ? माझ्या इन्स्ट्रक्टरबाई म्हणाल्या, "तुझ्या मापाचा हार्नेस भाड्याने मिळणं कठीण आहे. शोधायला लाग."

जानेवारी २०२४ पासून शोध सुरू केला. नवख्यांसाठी थोडक्यात: रिग म्हणजे चार वेगवेगळ्या वस्तू. पाठीवरची पिशवी आणि हार्नेस मिळून कंटेनर, त्यात मुख्य कॅनॉपी, रिझर्व्ह कॅनॉपी आणि एएडी, म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत तर ठरावीक उंचीला रिझर्व्ह उघडणारं छोटं यंत्र. सायप्रेस नावाचं अनुभवी जम्परचं यंत्र साधारण ७५० फुटांवर तुम्ही अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असाल तर रिझर्व्हचा बांधणी-दोरा कापतं. चारही वस्तूंचं वय वेगळं, माप वेगळं, किंमत वेगळी. जाहिरातीत मात्र एकच आकडा आणि "काहीही करायची गरज नाही, घ्या आणि उडा" असं लिहिलेलं असतं.

पहिली आवडलेली रिग स्वस्त होती, रंगही छान, निळा-पिवळा. "एएडीसकट" असं ठळक लिहिलेलं. उत्पादनाची तारीख मागितली तर विकणाऱ्याने तीन निरोपांनंतर फोटो पाठवला: २०१२. त्या काळच्या सायप्रेसचं आयुष्य साडेबारा वर्षं, म्हणजे ते २०२४-२५ मध्येच निवृत्त होणार. नवं यंत्र लाखाच्या वर जातं. स्वस्ताई तिथेच संपली. म्हणून आधी तारखा मागा, मग रंग बघा: कंटेनर कधीचा, रिझर्व्ह कधीचं आणि किती वेळा वापरलेलं, एएडी कधीचं, मुख्य कॅनॉपीच्या दोऱ्या शेवटच्या कधी बदलल्या. जो विकणारा हे चार फोटो द्यायला कां-कूं करतो, त्याच्यावर आणखी वेळ घालवू नये.

मग आला मापाचा प्रश्न, आणि इथे सल्ल्यांचा महापूर.

हिशेब असा. तुमचं वजन आणि अंगावरच्या सगळ्या सामानाचं वजन पौंडांत घ्यायचं आणि कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागायचं. याला विंग लोडिंग म्हणतात. माझे ५२ किलो, रिग-हेल्मेट-कपडे मिळून ११, एकूण ६३ किलो, म्हणजे १३९ पौंड. नवशिक्याने १.० च्या आत राहावं हा सर्वसाधारण दंडक. त्या हिशेबाने मला १३५ चौरस फुटांची कॅनॉपीही जवळजवळ चालेल, कारण आकडा १.०३ येतो. पुण्याचा एक ओळखीचा जम्पर, माझ्यापेक्षा कितीतरी अनुभवी, फोनवर सांगत होता, "१७० घेशील तर एका सीझनमध्ये कंटाळशील. सरळ १३५ घे, आकडा बसतोय ना!"

इन्स्ट्रक्टरबाईंना विचारलं. त्यांचं उत्तर मी वहीत उतरवून ठेवलंय, कारण हलक्या अंगाच्या माणसांना हे कुणी सांगत नाही. आकडा सारखा असला तरी लहान कॅनॉपी मोठीसारखी वागत नाही. कॅनॉपी लहान म्हणजे दोऱ्या आखूड, दोऱ्या आखूड म्हणजे तुम्ही कॅनॉपीच्या जास्त जवळ लटकता, आणि टॉगल (कॅनॉपी वळवायचं आणि ब्रेक लावायचं हातातलं हँडल) तेवढाच ओढला तरी वळण झटकन येतं, वळताना उंचीही भराभर जाते. नव्वद किलोचा माणूस २२० वर १.० ने उडतोय आणि मी १३५ वर १.० ने, हे दोन वेगळे प्राणी आहेत. खेळात मरणाऱ्यांपैकी बरेच जण उत्तम उघडलेल्या, धडधाकट कॅनॉपीखाली मरतात: जमिनीजवळ घाईने मारलेलं वळण, कॅनॉपी जमिनीकडे सूर मारते, आणि ती सरळ व्हायला उंची उरलेली नसते. लहान कॅनॉपीवर या घाईला माफी कमी.

मोठ्या कॅनॉपीचाही तोटा आहेच, तो त्यांनी लपवला नाही. १७० वर माझं लोडिंग ०.८२. इतकी हलकी लादलेली कॅनॉपी जोरदार वाऱ्यात पुढे सरकत नाही, कधीकधी मागेच जाते. विद्यार्थ्यांना युएसपीएच्या नियमाप्रमाणे ताशी १४ मैलांच्या वर वाऱ्यात उडता येत नाही, लायसन्स झालं की ही मर्यादा उठते. मी ती स्वतःसाठी उठवलेलीच नाही. बाकीचे विमानात चढत असतात आणि मी चहा पीत बसते. एवढी किंमत मला परवडते.

फेब्रुवारीत एक रिग सापडली. सिंगापूरला राहणारी, माझ्याच उंचीची बाई, उडायची त्याच थाई ड्रॉपझोनवर. मुख्य कॅनॉपी सेबर २, १७० चौरस फूट. रिझर्व्ह पीडी कंपनीचं, १६०. एएडी सायप्रेस, मार्च २०१८ चं. नंतरच्या काळातल्या या यंत्रांचं आयुष्य साडेपंधरा वर्षं, म्हणजे सप्टेंबर २०३३ पर्यंत निश्चिंत. किंमत ३,१५० डॉलर. सगळ्यात मोठी गोष्ट, हार्नेस तिच्या मापाचा शिवलेला. खांद्यापासून कमरेपर्यंत येणाऱ्या मुख्य पट्ट्याची लांबी मी शिवणाच्या टेपने आईकडून मोजून घेतली आणि तिला पाठवली. दीड सेंटिमीटरचा फरक निघाला. तेवढा चालतो.

तिने पैसे आधी मागितले नाहीत, मीही दिले नाहीत. रिग तिने ड्रॉपझोनवरच्या रिगरकडे (पॅराशूट तपासून भरून देणाऱ्या कारागिराकडे) ठेवायची, त्याने तपासायची, मी घालून बघायची, उडायची, मग पैसे. अनोळखी माणसाकडून जुनी रिग घेताना याहून सोपी पद्धत मला तरी माहीत नाही. रिगरची तपासणीची फी मी भरली.

एप्रिलची तिकिटं काढली आणि इथे एक गंमत झाली. १३ ते १५ एप्रिल म्हणजे थायलंडचं सोंगक्रान, त्यांचं नववर्ष. अख्खा देश पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन रस्त्यावर. रिगरचं दुकान बंद. तेवढे दिवस मी हॉटेलातून ड्रॉपझोनवर आणि ड्रॉपझोनवरून हॉटेलात भिजत फिरले. एप्रिलमध्ये जाणार असाल तर सोंगक्रान संपल्यावरचीच तिकिटं काढा. उन्हाळाही जबरदस्त असतो. हवा तापली की विरळ होते आणि कॅनॉपी नेहमीपेक्षा जोरात उतरते, तेव्हा सकाळच्या उड्या घेतलेल्या बऱ्या.

वाट बघण्याचा फायदा इतकाच की तोवर मी भाड्याची १९० आणि कुणाची तरी १७० उडवून पाहिली. इन्स्ट्रक्टरबाईंची अट होती, रिग घेण्याआधी त्या मापाच्या कॅनॉपीवर दहा हजार फुटांच्या वर उघडून निवांत खाली यायचं, सगळी वळणं वरच करून बघायची. पूर्ण ब्रेक ओढून कॅनॉपी कुठे मान टाकते, हे त्यांनी जमिनीपासून कितीतरी वर करायला लावलं. टॉगल हळूहळू खाली, खाली, आणि एका जागी कॅनॉपी मागे झुकते, आवाज थांबतो, पोटात खड्डा पडतो. मग टॉगल हळूच वर. झटक्याने सोडलं तर कॅनॉपी पुढे झेपावते. ती जागा आपल्या हाताला माहीत झाली की उतरताना फ्लेअर (वेग मोडायला शेवटी दोन्ही टॉगल एकत्र ओढणं) किती ओढायचा हे बोटांना कळतं.

रिगर परत आला आणि त्याने माझ्यासमोर रिग उघडली. संबंध सकाळ गेली. हे बघायला मिळणं म्हणजे अख्खा कोर्स. रिझर्व्ह बाहेर काढलं, कापडाच्या लेबलावर छोटे छोटे चौकोन छापलेले होते. पीडीच्या रिझर्व्हवर प्रत्येक घडीला, म्हणजे रिगरने ते उघडून पुन्हा भरलं की, एक चौकोन भरतात. ४० घड्या झाल्या किंवा २५ वेळा हवेत उघडलं की ते कारखान्यात तपासणीला पाठवायचं. माझ्यावर जेमतेम दुसरी ओळ सुरू झाली होती, वापराचे रकाने कोरे. मग त्याने मुख्य कॅनॉपीच्या दोऱ्या एका खिळ्याला अडकवून सारख्या ताणल्या आणि डाव्या-उजव्या जुळवल्या. ब्रेकच्या दोऱ्या बाकीच्यांपेक्षा दोन बोटं आखडलेल्या निघाल्या. स्पेक्ट्रा या धाग्याच्या दोऱ्या घासून तापतात आणि आकसतात, स्लायडरच्या (कॅनॉपी उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडी चौकोनाच्या) कड्यांतून जाणाऱ्या आधी. अशा कॅनॉपीवर टॉगल सोडले तरी थोडा ब्रेक लागलेलाच राहतो. फक्त खालचे ब्रेकचे तुकडे बदलले, त्याचे पैसे विकणाऱ्या बाईंनी किमतीतून वजा केले, तक्रार न करता. नंतर खांद्यावरची तीन कडी. मोठ्या कड्यातून मधलं, मधल्यातून लहान, लहानातून पांढरा दोरा, आणि दोऱ्यातून कटअवेची पिवळी केबल. एवढ्याशा दोऱ्यावर अख्खं माणूस लटकतं आणि केबल निघाली की क्षणात सुटतं. त्याने दोन्ही बाजू सोडवल्या, पट्टे हातात घेऊन वाकवून-चोळून मऊ केले, केबल पुसली आणि परत जोडायला मला दिलं. हे दर महिन्याला करायचं. पट्टा एकाच घडीत राहून ताठरला तर सुटायला उशीर होतो. वंगण कोणतं, किती, ते कंपनीच्या पुस्तिकेत असेल तेच; शिलाईयंत्राचं तेल घालणारे महाभाग मी ऐकून आहे.

पैसे फॉरेक्स कार्डावरून दिले. कार्ड वाशीला काढलं होतं: पासपोर्ट, परतीचं तिकीट, पॅन, ए२ फॉर्म. तेव्हा आर्थिक वर्षात सात लाखांपर्यंतच्या अशा रकमेवर टीसीएस (बँकेने आधीच कापून घ्यायचा कर) नव्हता. कार्डाला दिवसाची मर्यादा असते ही गोष्ट लक्षात ठेवा. मी आधीच फोन करून वाढवून घेतली होती, त्यामुळे एका दमात व्यवहार झाला. पावतीवर मात्र "वापरलेली रिग" असं लिहून, चारही वस्तूंचे अनुक्रमांक आणि वेगवेगळ्या किमती टाकून घेतल्या. ही पावती पुढे सोन्याच्या भावाची ठरली.

परतीचा प्रवास. रिग नऊ किलोच्या आसपास, केबिनमध्ये सात किलोच चालतं. विमान कंपनीला आठवडाभर आधी ईमेल केला होता. "चेक-इन करा" एवढंच उत्तर आलं. जाड सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून दिली. एएडीचं कार्ड मिळतं, त्यावर यंत्र एक्स-रेमध्ये कसं दिसतं ते छापलेलं असतं. त्याची एक प्रत सुटकेसमध्ये सगळ्यात वर आणि एक माझ्या पर्समध्ये. बँकॉकला कुणी विचारलं नाही.

मुंबईला टी२ वर रेड चॅनेलला गेले. मित्रमंडळींत "ग्रीननेच जा, कोण बघतंय" म्हणणारे खूप होते. पण पॅराशूट ही रोजच्या वापराची वस्तू नाही, कपड्यांसारखी ती आपोआप सुटत नाही. २०२४ मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयाला ५० हजारांपर्यंतच्या सामानावर सूट होती आणि वरच्या किमतीवर ३८.५ टक्के. अधिकाऱ्यांनी सुटकेस उघडायला लावली. "हे काय आहे, मॅडम?" "पॅराशूट." "सैन्यात आहात?" "नाही, ऐरोलीला आयटीत." त्यांनी सहकाऱ्याला बोलावलं, दोघांनी मिळून हँडल्स बघितली. कृपा करून ओढू नका म्हटलं, एकदा रिझर्व्ह बाहेर आलं की ते परत भरायला थायलंडला जावं लागेल. दोघं हसले आणि हात मागे घेतला. पावतीवर चारही वस्तू वेगळ्या दिसल्यामुळे किमतीवरून वाद झाला नाही. कर साधारण ८२ हजार भरला. दुखलं. पण पुढच्या प्रत्येक फेरीला तीच रिग परत आणताना पुन्हा तोच प्रश्न यायला नको, तर कर भरल्याची पावती जपून ठेवा आणि परदेशी निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. प्रस्थानाच्या भागात, बॅग चेक-इनला देण्याआधी. तास-दीड तास लवकर जायचं. नियम बदलत असतात, तुमच्या वेळचे बघून निघा. ज्यांना हे सगळं नको ते रिग ड्रॉपझोनवरच लॉकरमध्ये ठेवतात. मला पॅकिंगचा सराव हवा होता, म्हणून मी आणली.

मेमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना अर्ज दिला: दर रविवारी सकाळी दोन तास हॉल हवा. कारण काय लिहिणार? "वैयक्तिक सराव." काकांनी योग समजून मंजूर केलं. पहिल्या रविवारी मी कॅनॉपी पसरली आणि दारातून तळमजल्याच्या काकूंनी डोकावून विचारलं, "काय गं, कुणाचं लग्न? मंडपाचं कापड का हे?" तिसऱ्या रविवारपर्यंत प्रेक्षक ठरलेले झाले.

ज्यांनी कधी पॅक केलं नाही त्यांना सांगते, झेडपी (झिरो पोरोसिटी) कापड हवा सोडतच नाही. त्यात हवा कोंडून राहते आणि ते दिवाळे गावच्या जेट्टीवरच्या जिवंत मासळीसारखं हातातून सटकतं. पद्धत एकच: दोऱ्या खांद्यावर घेऊन उभं राहायचं, कॅनॉपीच्या पेट्यांची (हवा भरणाऱ्या कप्प्यांची) तोंडं मोजून पायांत धरायची, मागच्या बाजूच्या घड्या दोऱ्यांच्या गटांप्रमाणे बाहेर काढायच्या, स्लायडर चारही दिशांना नीट मधोमध, मग शेपटी गुंडाळून खाली झोपवायचं आणि अंगाने हवा काढत पिशवीत. शेवटी पायलट च्यूट (मुख्य कॅनॉपी बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट) ओढून तयार केलाय का, हे त्याच्या पट्टीवरच्या छोट्या खिडकीतून बघायचं. रंग दिसला की तयार. ही खिडकी मी पॅक करताना बघते, विमानात चढण्याआधी कुणाला तरी बघायला लावते. फॅन लावू नका. मोबाईल लांब ठेवा, मध्येच कुणी बोलायला आलं तर त्या पायरीपासून परत सुरू करा. काकूंना हे समजावणं पॅकिंगपेक्षा अवघड गेलं.

पावसाळा हा नवी मुंबईतला खरा शत्रू. जूनपासून चपलांना बुरशी लागते, तर नायलॉनचं काय! रिग कपाटात, जमिनीपासून वर, उन्हाच्या तिरिपेपासून लांब, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवली. पुड्या दर पंधरवड्याला बदलल्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ अजिबात नाही, आम्लाची वाफ कापड-पट्टे खाते आणि वरून कळतही नाही. पेस्ट कंट्रोल होतं त्या दिवशी रिग बहिणीकडे ठाण्याला पाठवली, ट्रान्स-हार्बरने, मांडीवर. ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि हॉल गेला, मग नवरात्रात गरबा. त्या काळात पॅकिंग बंद, फक्त हार्नेस घालून पलंगावर उताणं पडून हँडल्सचा सराव. उजवं बघ, धर, डावं बघ, धर, ओढ, ओढ. आईने दार लावून घेतलं.

याच काळात विम्याचं काम उरकलं. टर्म पॉलिसीच्या कंपनीला ईमेलने कळवलं की मी आता हा खेळ नियमित खेळते. तीन आठवडे उत्तर नाही, मग एक प्रश्नावली, मग उत्तर: मूळ विमा कायम, अपघाताचा रायडर मात्र तिकीट काढून केलेल्या विमानप्रवासापलीकडे लागू नाही. बरं झालं विचारलं. प्रवासविमाही नीट वाचा. "साहसी खेळ" या शीर्षकाखाली इन्स्ट्रक्टरला बांधून मारलेली उडी असते, एकट्याची बहुतेक वेळा नसते. लेखी विचारा.

रिझर्व्हची घडी अमेरिकन नियमाप्रमाणे १८० दिवस चालते आणि माझा ड्रॉपझोन तोच नियम पाळतो. एप्रिलमध्ये केलेली ऑक्टोबरात संपली. म्हणून डिसेंबरच्या फेरीत पोहोचल्या पोहोचल्या रिग रिगरकडे, दोन दिवस थांबायचं, मग उड्या. हे गणित सुट्टी टाकतानाच करायचं: रिगर त्या आठवड्यात आहे का, हे आधी विचारायचं, तिकीट नंतर.

या फेरीत कॅनॉपीचा कोर्स घेतला. बी लायसन्सला ५० उड्यांबरोबर कॅनॉपी हाताळण्याचं कार्डही भरावं लागतं, ते त्यात झालं. पाच हजार फुटांवर बाहेर पडून लगेच उघडायचं, म्हणजे फ्रीफॉल (कॅनॉपी उघडण्याआधीचं पडणं) जवळपास नाहीच. पहिल्यांदा वाटलं पैसे वाया. तसं नव्हतं. स्वतःची कॅनॉपी सपाट वळणाने, म्हणजे दोन्ही ब्रेक अर्धे ओढून एक थोडा सोडून, उंची न घालवता किती फिरते ते मोजलं. खाली अचानक कुणी आडवं आलं तर हेच वळण वाचवतं. टॉगल एका बाजूला खेचून टाकणं नाही. प्रशिक्षकाने एक क्रम घोकून घेतला: पंख समांतर, मोकळी जागा, निदान अर्धा फ्लेअर, पाय जोडून लोळण घ्यायची तयारी. वाऱ्याच्या विरुद्ध उतरायला मिळालं तर उत्तम, पण त्या हट्टापायी खाली वळायचं नाही. वाऱ्यासोबत उतरून घसरलात तर कपडे फाटतात, खाली वळलात तर हाडं. उतरण्याचा नकाशा आधीच ठरलेला: साधारण हजार फुटांवर वाऱ्यासोबतचा टप्पा, सहाशेला आडवा, तीनशेला समोर. प्रत्येक उतरण्याचा व्हिडिओ काढून रात्री बघायचा. माझ्या व्हिडिओंत एकच गोष्ट वारंवार दिसली, शेवटच्या क्षणी नजर पायांखाली जाते. नजर गेली की डावा हात वर राहतो. समोर, क्षितिजाकडे बघत राहिलं की दोन्ही हात सारखे येतात. सोपं वाटतं, पण जमिनीकडे न बघता जमिनीवर यायला वेळ लागतो.

कोर्सच्या शेवटी कॅनॉपी लहान करण्याआधीची यादी दिली. अनुभवी लोकांत ती वेगवेगळ्या रूपांत फिरते: हव्या त्या जागी दहा मीटरच्या आत पुन्हा पुन्हा उतरता येतंय का, आडव्या वाऱ्यात, वाऱ्यासोबत, थोड्या चढावर उतरलीयेस का, जमिनीजवळ सपाट वळण घेऊन लगेच फ्लेअर जमतो का, फ्लेअर चालू असताना थोडं बाजूला सरकता येतं का, टॉगलऐवजी मागच्या रायझरवर (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंतच्या पट्ट्यांवर) उतरता येतं का. हे सगळं सध्याच्या मापावर येत असेल तरच पुढचं माप.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: रिग आणि कर मिळून साडेतीन लाखांच्या आत-बाहेर, तपासणी, ब्रेकच्या दोऱ्या, घडी हे वेगळं. दर सहा महिन्यांनी घडीचे सात-आठ हजार धरून चाला. एएडीसाठी मी छोटी आरडी सुरू केलीय, २०३३ फार लांब नाही.

शेवटच्या दिवशी हँगरच्या फळ्यावर १५० चौरस फुटांची कॅनॉपी विकायला लागली होती, जवळपास नवी, किंमतही मोहाची. पुण्याच्या मित्राने तिथूनच फोटो पाठवला, "आता तरी घे!" मी माझी यादी परत बघितली. वाऱ्यासोबत उतरणं मी अजून केलेलं नव्हतं, चढावर तर नाहीच. त्याला कळवलं की नको, पुढच्या सीझनला बघू. तोवर ती विकली गेली.